मुदत संपल्यावर मिळालेल्या परवानगीबद्दल आभार

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी संवर्धन जीवशास्त्रात पीएच.डी. करते. विषय : सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानांवर पावसाळ्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी. गेल्या वन्यजीव सप्ताहात आपण आमच्याच सभागृहात सांगितलं होतं, की संशोधनाच्या परवानग्या महिन्याभरात मिळतील आणि कुणाचीही फेलोशिप रखडणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

परवा माझी परवानगी आली. पत्रावर मुदत आहे १ जून ते ३० सप्टेंबर, आणि पत्र हातात पडलं ऑक्टोबरात! मधल्या काळात फाइल कधी ‘वर’ गेली होती, कधी साहेब दौऱ्यावर होते, कधी सहपत्र क्रमांक दोन सापडत नव्हतं. पक्ष्यांनी तेवढं थांबायला हवं होतं, नाही का? त्यांनी अंडी घातली, पिल्लं वाढवली आणि खात्याला न विचारता उडूनही गेले. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं वर्ष गेलं.

फेलोशिपचं काय सांगू? २०२३च्या जानेवारीपासून ती ३१,००० वरून ३७,००० झाली, तेव्हा अभिनंदनाचे फोन आले होते. आमच्या खात्यात शेवटचा हप्ता फेब्रुवारीत पडला. चौकशी केली की ‘उपयोगिता प्रमाणपत्र लावा’ म्हणतात. न मिळालेल्या पैशांची उपयोगिता कशी दाखवायची, हे आम्हाला एम.एस्सी.ला शिकवलं नव्हतं. पेट्रोल भावाच्या पैशांनी. खोलीचं भाडं थकलंय, म्हणून मालकीणबाईंना चुकवत मागच्या दाराने ये-जा करते. आई फोनवर विचारते, ‘पक्षी मोजून झाले की नोकरी लागते का गं?’ काय सांगू? तासिका तत्त्वावर लागते, तीही लागली तर.

मला घरटी दाखवणारे धनगर मामा आहेत. कोणत्या गवतात लावा पक्षी बसतो हे त्यांना माझ्या गाइडपेक्षा जास्त कळतं. (गाइडही हे मान्य करतात.) त्यांची मजुरी द्यायची तर कार्यालयाला जीएसटीचं बिल हवं. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाने जीएसटी क्रमांक आणायचा कुठून?

या सगळ्यात मला झोंबलं ते वेगळंच. अभ्यासकाला अडवायला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तोंडपाठ असतो. त्याच माळावर ऐन विणीच्या काळात वृक्षारोपणाचे खड्डे काढायला जेसीबी आला, त्याच्याकडे कुणी सहपत्र मागितलं नाही. गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे तिथल्या पक्ष्यांना हाकलणं, हे कुणी ऐकूनच घेत नाही. कारण सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक. तेहतीस कोटी देवांच्या देशात २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं गेलं. त्यातली जगली किती, ते देवांनाच ठाऊक.

माळढोकाचं पाहा. १९७९मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या नान्नजसकट साडेआठ हजार चौ.कि.मी.चं अभयारण्य जाहीर केलं, गावंच्या गावं त्यात घातली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडवले. लोक पक्ष्यावरच चिडले. मग काटछाट करून ते बाराशेवर आणलं. आता जगात माळढोक उरले दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. कुणी म्हणतं त्याहूनही कमी. नेमका आकडा मला विचारू नका, मोजायची परवानगी लागते. पश्चिम घाटाचंही तेच. तो कसा जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा. घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला जुलै २०२४मध्ये. वाघ दिसला की फोटोला सगळे हजर. गवतातल्या चंडोलाबरोबर फोटो कोण काढणार?

तेव्हा एवढंच करा : परवानगीला पुढच्या पावसाळ्याची मुदत द्या, माळ खणण्याआधी तिथे कोण राहतं ते कुणाला तरी तपासायला लावा आणि थकलेले हप्ते सोडा. सगळे जमत नसतील तर निदान मामांच्या मजुरीपुरते सोडा. बिल मिळणार नाही, अंगठा मिळेल.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी