मीठ नव्हतं, बर्फ होता

कॅलगरी,
४ एप्रिल २०२०

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी कबुली देऊन टाकते. पंधरा दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "खिडकीबाहेर हे पांढरं काय गं?" मी म्हणाले, "मीठ आहे. इथे मिठाचं मोठं सरोवर आहे." त्यावर तू शांतपणे म्हणालीस, "मीठ वरून पडतं होय?" मी आवाज तुटल्याचं नाटक केलं आणि फोन ठेवला.

ते मीठ नव्हतं, बर्फ होता. मिठाचं सरोवर खरंच आहे, पण ते सकाळीच मागे पडलं होतं. आम्ही आयडाहोत पोचलो होतो आणि तुम्हाला "जरा इकडेतिकडे फिरतोय" सांगून खरं तर घराकडे पळत होतो. सांगितलं असतं तर तू देव पाण्यात घालून बसली असतीस. बाबांनी दर दोन तासांनी "कुठे पोचलात" विचारलं असतं आणि गाडी चालवता चालवता मला उत्तरं द्यावी लागली असती. म्हणून आता सगळं एकदम लिहितेय. बाबा, पानांचे फोटो पाठवते, दोन बोटांनी मोठे करून वाचा. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करायला यावेळी कागद हातात नाही, त्याला माझा इलाज नाही. विश्वकोशाच्या कचेरीत एवढी वर्षं मुद्रितं तपासल्यावर हात शिवशिवणारच. ॲटलास मात्र काढून ठेवा.

तुम्हाला ते मोटारहोमचं प्रकरण कधी नीट सांगितलंच नाही. आईने नोव्हेंबरमध्येच "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" म्हणून निकाल लावला होता. इथे नोकरीतून सुटलेली पुष्कळ माणसं हिवाळ्यात दक्षिणेला जातात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. आमचा हा पहिलाच हिवाळा. चोवीस फुटी, दुसऱ्या हाताची गाडी. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, आणि एक देव्हारा, तो मसाल्याच्या कप्प्यात. अ‍ॅरिझोनातल्या युमा गावी तळ ठोकला. तिथे हिवाळाभर ऊन, चहूकडे लेट्यूसची शेतं आणि मेजूल खजुराच्या बागा. आमच्या तळावर निम्म्या गाड्यांच्या नंबरप्लेट कॅनडातल्या, अल्बर्टा आणि सस्कॅचवानच्या. दात दुखला की लोक जवळच्या सरहद्दीवरून चालत मेक्सिकोत जातात. लॉस अल्गोडोनेस म्हणून गाव आहे, तिथे दंतवैद्यांच्या पाट्यांशिवाय फारसं काही दिसत नाही. ह्यांनी दोन दाढा तिथेच बसवल्या आणि वाचलेल्या पैशांचा हिशेब महिनाभर ऐकवला.

मार्चअखेर परतायचं आणि १६ एप्रिलला वाईला यायला निघायचं, असं ठरलेलं होतं. अक्षय तृतीयेच्या सुमारास बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. कार्यालय, गुरुजी, माझी जांभळी पैठणी, सगळं पक्कं.

बाबा, फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही म्हणाला होतात, "जमलं तर लवकर ये, लक्षण बरं दिसत नाही." मी म्हणाले होते, "तिकीट बदलायला पैसे पडतात." चोवीस वर्षं रक्त-थुंकीच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काढली मी. वुहानचे आकडे वाचून काय होणार याचा अंदाज तुमच्याआधी मला यायला हवा होता. आला नाही असंही नाही. पण ऊन छान होतं आणि शेजारपाजारच्या बायका मला पिकलबॉल खेळायला शिकवत होत्या.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ आहे असं जाहीर केलं. १३ तारखेला, शुक्रवारी, कॅनडा सरकारने सांगितलं की गरज नसेल तर देशाबाहेर जाऊ नका. पाठोपाठ आमच्या विमा कंपनीचं पत्र आलं: दहा दिवसांत परत फिरा, नंतर आजारी पडलात तर आमची जबाबदारी नाही. अमेरिकेत विम्याशिवाय दवाखान्यात पडणं म्हणजे घरदार विकायची तयारी. त्यामुळे तळावर सगळे त्याच पत्राबद्दल बोलत होते. मी मात्र दुसरीच बातमी वाचत बसले होते. त्याच १३ तारखेपासून भारताने व्हिसा स्थगित केले होते आणि आमच्यासारख्या परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना ओसीआय कार्डावर मिळणारा प्रवेशही.

तीन दिवसांनी, सोमवारी, इथले पंतप्रधान ट्रुडो टीव्हीवर म्हणाले की परदेशात असाल तर आता घरी या. सगळ्या तळाने ते एकत्र ऐकलं, खुर्च्या लांब लांब मांडून. कोणी मान हलवली, कोणी लगेच नळ्या गुंडाळायला उठलं. मी तिथेच बसून राहिले. एक सरकार मला घरी बोलावत होतं आणि ज्या घरी मला जायचं होतं तिथलं दार तीन दिवसांपूर्वीच लागलं होतं. आपण होऊन कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा "कागद तर आहे, काय फरक पडतो" असं मी तुम्हालाच समजावलं होतं. बाबा तेव्हा काही बोलले नव्हते.

असो. मंगळवारी १७ तारखेला पहाटे निघालो. बरोबर सस्कॅटूनचं एक जोडपं, त्यांची गाडी पुढे, आमची मागे. शेतकरी, वय ब्याऐंशी, म्हणजे बाबांपेक्षा एक-दीड वर्षाने मोठे, आणि तीस फुटी गाडी स्वतः चालवतात. बाईंना हृदयविकार, औषधं पंधरा दिवसांची उरलेली.

बाबा, आता ॲटलास. युमाहून ९५ नंबरच्या रस्त्याने वर लास वेगास, तिथून आय-१५ धरायचा तो थेट कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेत क्वार्ट्झसाइट लागतं. तिथल्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट. अमेरिकी सैन्याने १८५६च्या सुमारास वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर तुर्की साम्राज्यातून हाजी अली नावाचा उंटवाला आला. गोऱ्यांनी त्याचं 'हाय जॉली' केलं. उंटांचा प्रयोग फसला, हा इथेच राहिला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. जानेवारीत मी त्या थडग्यापाशी हसत फोटो काढला होता. यावेळी आम्ही थांबलो नाही.

पहिली रात्र लास वेगासच्या बाहेर. त्याच मध्यरात्री गव्हर्नरच्या हुकमाने तिथले जुगाराचे अड्डे बंद झाले. सकाळी हायवेवरून पाहिलं तर दिवे चालू, पाट्या लखलखतायत आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा मांडव आठवला.

त्या सकाळी खरं काम मात्र वेगळंच होतं. या गाडीतल्या पाण्याच्या नळ्या प्लास्टिकच्या आणि बारीक. उत्तरेला थंडी शून्याखाली गेली की आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि नळ्या फुटतात. म्हणून वर चढण्याआधी टाक्या, गीझर सगळं रिकामं करून नळ्यांतून एक गुलाबी औषध फिरवायचं असतं, ते गोठत नाही. नळ सोडला की गुलाबी धार आली म्हणजे झालं. सस्कॅटूनच्या आजोबांनी गुडघ्यावर बसून ह्यांना एकेक चावी दाखवली, दोन मीटर लांबून, काठीने. त्यानंतर घर येईपर्यंत नळाला पाणी नाही. स्वयंपाकाला बाटल्या, संडासात तेच गुलाबी औषध. लोक दुकानांमध्ये टॉयलेट पेपरसाठी भांडत होते तेव्हा आई, तू बळेच दिलेला पितळी तांब्या काय कामाला आला म्हणून सांगू!

तेवढ्यात रेडिओवर बातमी, सॉल्ट लेक सिटीला सकाळी भूकंप झाला, ५.७ रिश्टरचा. विमानतळ बंद. तिथल्या मॉर्मन लोकांच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर सोन्याने मढवलेला देवदूत आहे, त्याच्या हातातली तुतारी पडली. हे म्हणाले, "आता टोळधाड तेवढी राहिली." आमचा रस्ता नेमका त्याच शहरातून. ती रात्र अलीकडे नीफाय गावात काढली आणि दुसऱ्या दिवशी न थांबता शहर ओलांडलं. संध्याकाळी आयडाहो फॉल्सला तुझा फोन आला, तोच मिठाचा.

रस्त्यातल्या खानावळी बंद. ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीत आमची गाडी उंचीमुळे जात नाही आणि चालत गेलं तर देत नाहीत. ट्रकवाल्यांचेही तेच हाल. आम्ही कुकर लावायचो, मुगाची खिचडी आणि मेतकूट. एका रात्री शेजारच्या ट्रकवाल्याला डबा भरून दिला, पायरीवर ठेवून मागे सरकले. सकाळी डबा धुवून तिथेच ठेवलेला, आत चार सफरचंदं. आईच्या नियमाप्रमाणे डबा रिकामा परत आला नाही.

मोनिडा खिंड मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेवर, दोन हजार मीटरहून उंच. खंबाटकीची वळणं नाहीत तिथे, नुसता उघडा माळ आणि आडवा वारा. गाडीचं धूड पालासारखं फडफडत होतं. बर्फ रस्त्यावर आडवा वाहत होता. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत होते तेवढाच आधार, आणि तो आधार ब्याऐंशी वर्षांचा. मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते. हे म्हणाले, "जरा हळू म्हण, मला इंजिनचा आवाज ऐकू दे." मग मनात म्हटली.

सरहद्दीवर शनिवारी दुपारी पोचलो. आदल्या मध्यरात्रीपासून ती बिनगरजेच्या प्रवासाला बंद झाली होती, नागरिकांना मात्र घेत होते. खिडकीतल्या मुलाने विचारलं, ताप आहे? खोकला? बरोबर काय आणलंय? म्हटलं, पाच किलो खजूर. त्याने एक पत्रक दिलं, चौदा दिवस घरात राहा म्हणाला, आणि शेवटी त्यांच्या रीतीप्रमाणे "वेलकम होम." मी थँक यू म्हणाले. पंचवीसेक किलोमीटर गेल्यावर मला रडू आलं. ह्यांनी काही विचारलं नाही, फक्त हीटर वाढवला.

लेथब्रिजला ते जोडपं उजवीकडे वळलं. हात हलवला, हॉर्न दिला, झालं. परवा त्यांचा फोन होता. दोघं ठीक आहेत, औषधं मिळाली.

आज आमचा चौदावा दिवस. कोणालाच ताप आला नाही. तुमचा नातू किराणा दारात ठेवून अंगणाच्या टोकाला उभा राहून बोलायचा. पणतीने त्याला विचारलं, आजीला शिक्षा झालीय का? तो म्हणाला, हो, तिने खूप उशीर केला म्हणून.

पाडव्याला गुढी उभारली. घरात काठी सापडेना, मग मोटारहोमची छत्री ओढायची सळई काढली. त्यावर ती जांभळी पैठणी, स्टीलचा पेला, साखरेच्या गाठीऐवजी दोऱ्यात ओवलेला खजूर. कडुनिंब कुठला? मेथीदाणे चघळले. बाहेर उणे नऊ. समोरचे शेजारी काचेतून बघत होते, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. त्याच दिवशी तिकडे सगळं बंद झालं आणि तुमच्या फोनवर मागे पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

आई, तू म्हणालीस, "तू लांब म्हणून येऊ शकत नाहीस, पण दादा पुण्यात आहे ना, तोही येऊ शकत नाही." जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्यापासून तो रोज मला फोन करतो. मध्ये एक खंबाटकी घाट, नव्वदेक किलोमीटर, आणि त्याला जाता येत नाही. खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. वीस वर्षं "तो जवळ आहे आणि मी लांब" हे ओझं वाहतेय, ते पहिल्यांदाच दोघांत सारखं वाटलं गेलं. मग लगेच लाज वाटली. दादाला हे पान दाखवू नका.

आता कामाचं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. औषधाची दुकानं उघडी आहेत, समोरच्या काकूंच्या मुलाला यादी द्या, स्वतः जाऊ नका. दुधाची पिशवी आल्या आल्या धुवा. घाटावर फिरायला जायचं नाही, गणपतीला गच्चीवरून नमस्कार चालतो. आणि कार्यालयवाल्याकडे अनामतीसाठी भांडू नका, त्याचीही लग्नं मोडलीत.

सहस्रचंद्रदर्शन पुढे ढकललं असं म्हटल्यावर बाबा फोनवर म्हणाले, "चंद्र कुठे पळून जातोय? आणखी दोन-चार बघून घेतो, हिशेब पक्का होईल." ते वाक्य मी रोज एकदा म्हणते.

पाच किलोतला तीन किलो खजूर शिल्लक आहे. डबा बंद करून तळघरात ठेवलाय, टिकतो.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, तिकिटाचे पैसे परत देत नाहीत, वर्षभरात वापरायची क्रेडिट नोट देतायत. तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकलं.