नाटकाची साइट चालू झाली बे

प्रिय दोस्ता,

आपल्या गावच्या नाटकांची, त्यांच्या गुलाबी कागदावरच्या जाहिरातींची साइट चालू झाली बे! माह्या लॅपटॉपवर नाही, खरोखर इंटरनेटवर, तू तिकडं चाकणले कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाईलवर उघडली तरी उघडते. सगळ्यात आधी आरमोरीच्या ताईले फोन केला, म्हटलं एवढं नाव टाईप कर, आणि तिनं तिकडून मोठ्यानं वाचाले सुरुवात केली, कोणत्या सालच्या मंडईत (म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत) कोणतं नाटक झालं, तिकीट किती होतं, पेटीवर कोण होतं. लय आनंद झाला रे. सारं तुले सांगतो, कारण पुढचं काम तुह्याशिवाय होत नाही.

पानं तं आधीच तयार होती, नोटपॅडमध्ये लिहिलेलं एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहाची भाषा, आणि रंगरूपासाठी थोडंसं सीएसएस. पण फोल्डरमधलं पान फक्त आपल्याच मशीनवर दिसते, ब्राउझरमध्ये वर पाहशील तं त्याचा पत्ता "फाइल" पासून सुरू होते. दुसऱ्याले दिसाले पाहिजे तं ते सर्व्हरवर ठेवा लागते, म्हणजे रात्रंदिवस चालू असलेल्या, कायम एकाच पत्त्यावर सापडणाऱ्या कॉम्प्युटरवर. टिम बर्नर्स-लीनं स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत जगातली पहिली वेबसाइट बनवली, 1991 मध्ये ती बाहेरच्या लोकांले खुली झाली, तं त्याच्या कॉम्प्युटरवर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. आपल्याकडं चिठ्ठी लावून काय होते, पावसाळ्यात लाइट गेली की गेली, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असलेल्या लॅपटॉपपर्यंत बाहेरचा माणूस सहसा पोहोचतच नाही. म्हणून होस्टिंग, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपल्या फाइली ठेवाच्या.

मी गिटहब पेजेस घेतलं, गिटहब कंपनीची साइट ठेवाची सेवा. आपल्यासारख्या साध्या साइटले फुकट आहे, फाइली मात्र सगळ्यांले पाहता येतात, पण नाटकाच्या जाहिरातीत लपवाचं काय आहे. अकाउंट काढाचं, तुह्या युजरनेमपुढे डॉट गिटहब डॉट आयओ अशा नावाची रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा ऑनलाइन फोल्डर, बनवाची आणि फाइली ब्राउझरमधूनच अपलोड कराच्या. पहिल्या पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएलच पाहिजे, सर्व्हर तेच शोधते. पाचदहा मिनिटात साइट दिसाले लागते, झालं.

आता हे नीट ध्यानात ठेव, इथंच नवीन माणसाचा दिवस जाते. विंडोजले फाइलच्या नावात लहान एबीसीडी काय न् मोठी काय, सारखंच. सर्व्हरले तसं चालत नाही. मोबाईलचा फोटो कधी मोठ्या अक्षरातल्या जेपीजीनं संपते, पानात तू लहान लिहिलं की घरी फोटो दिसते आणि ऑनलाइन तिथं रिकामी चौकट. म्हणून सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरात ठेवाची, मधात जागा सोडाची नाही, आणि फोटोच्या पत्त्यात सी ड्राइव्हचं नाव येऊच द्याचं नाही, कारण तो ड्राइव्ह सर्व्हरवर नाही. दुसरं म्हणजे पानाच्या वरच्या भागात कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 आहे, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं वाचाची, अशी एक ओळ पाहिजेच. ती नसली तं कोणाच्या तरी मोबाईलवर आपल्या मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील.

फोटोवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवाच लागते. आजच्या मोबाईलचा एक फोटो चार-पाच एमबीचा, आणि वैनगंगेच्या काठच्या शेतात टॉवरची एकच काडी! तिथं माणूस पान उघडून किती वेळ थांबंल? मी प्रत्येक फोटो रुंदीले 1200 पिक्सेल केला, दोनशे केबीच्या आतबाहेर बसते, आणि गुलाबी कागदावरची बारीक नावंबी वाचता येतात. गिटहबची मर्यादा 1 जीबीची आहे, म्हणजे असे पाच हजारेक फोटो मावतात, आपल्या पंचक्रोशीले पुरून उरते.

मग डोमेन घेतलं, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव, डॉट इन. हे डॉट इन आपल्याच देशाचं, 2005 पासून निक्सी ही संस्था ते सांभाळते. घेताना पहिल्या वर्षाचा भाव पाहू नको, रिन्युअलचा, म्हणजे पुढच्या वर्षांचा भाव पाह्य, खरा खर्च तोच. डोमेनवाल्याच्या डीएनएस सेटिंगमध्ये, जिथं कोणतं नाव कोणत्या सर्व्हरवर न्याचं ते लिहितात, गिटहबचे चार आयपी पत्ते (सर्व्हरचे आकड्यातले पत्ते) टाकले, 185.199.108.153 पासून, तिसरा आकडा एकएकानं वाढत 111 पर्यंत, आणि गिटहबमध्ये आपलं नाव लिहिलं. हा बदल सगळीकडं पोहोचाले कधी एक दिवसबी लागते, तोवर ताईले दिसते आणि बाजूच्या घरी दिसत नाही असंही होते, घाबराचं नाही. नंतर एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या चौकटीवर टिक केली, त्याचं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं, फुकट.

तू विचारशील की फेसबुक असताना एवढं काऊन. अरे, दिवाळी ते होळी आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भात, रात्र-रात्र नाटकं चालतात, वडशाची नाटक मंडळं गावोगाव जातात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, आणि सकाळी ती जाहिरात चहाच्या टपरीवर भज्याखाली जाते. ज्यानं रात्रभर भूमिका केली त्याचं नाव फक्त त्या कागदावर असते बे. ग्रुपवर टाकलं तं आठ दिवसात खाली जाते, आणि तीन वर्षानं शोधून कोणाले सापडते? वेबसाइटवर प्रत्येक नाटकाले आपलं पान आहे, आपला पत्ता आहे. कलाकाराच्या नातवानं नाव टाकून शोधलं तं त्याले ते सापडाले पाहिजे, एवढ्यासाठीच मी हे करून राहिलो.

म्हणून तुह्या आबाजीची लोखंडी पेटी. त्यात जुन्या दंडारीचे, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचे, आणि नाटकाचे कागद आहेत हे मले पक्कं माहीत आहे, आई म्हणत होती. दिवाळीले येशील तेव्हा खोल. कागद जमिनीवर सपाट ठेव, बरोबर वरून फोटो काढ, फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बरा. फाटले असतील तं टेप लावू नको. मागची बाजूबी घे, तिथं कोणी हिशोब लिहून ठेवला असते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाही तं ते दाबून लहान करते आणि अक्षरं जातात. आबाजीच्या नावाचं पान मी बनवून ठेवलं आहे, फोटोची जागा सोडून.

तुझा,
गावातला दोस्त