कोचाबांबा, बोलिव्हियाहून लंबूस

प्रिय लंबू,

इतक्या महिन्यांत एक पत्र नाही, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे. तुझ्या शिव्या पोचल्या असं समज आणि पुढे वाच. तब्येत बरी आहे. अडीच हजार मीटर उंचीवर जिना चढताना लागायची ती धापही आता थांबली.

आज बसलो कारण ही गोष्ट इथे कुणाला सांगायची सोय नाही, आणि घरी सांगितली तर आई नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, सुरू करेल.

२ नोव्हेंबरला इथे सगळं गाव सिमेट्रीत. आपल्यासारखं मेणबत्ती लावली, फुलं ठेवली, निघाले असं नाही. आत्मे १ तारखेला दुपारी बारा वाजता येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जातात, तोवर त्यांचा पाहुणचार. थडग्यावर कापड अंथरून त्यावर ऊस, मयताच्या आवडीचं जेवण, आत्म्याला चढायला पावाच्या शिड्या आणि 'तांता वावा', म्हणजे पावाची बाळं. दुपट्यात गुंडाळल्यासारखा पाव, तोंडाच्या जागी चिकटवलेला रंगीत मुखवटा, गाल लालभडक. जो येऊन प्रार्थना म्हणेल त्याला पाव मिळतो. पोरं पिशव्या घेऊन थडगी पालथी घालतात.

मीही फिरत होतो. पाद्रीची कॉलर घातली होती, तीच नडली. एका म्हातारीने हात धरून खाली बसवलं. मी 'पाद्रे नुएस्त्रो', म्हणजे 'हे आमच्या बापा', अगदी सफाईने म्हटलं. (र आपल्याला जन्मतःच येतो रे, स्पॅनिशच्या वर्गातल्या कोरियन सिस्टर बिचाऱ्या त्यावर घाम गाळतात.) मग ती बोलायला लागली. सुरुवात स्पॅनिशमध्ये, चार वाक्यांत गाडी केचुआवर, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेवर, मधूनच एखादा स्पॅनिश तुकडा. आवाज खाली गेलेला, माझा हात घट्ट धरलेला. शेवटी तिने हॅट काढली, मान खाली घातली आणि थांबली.

लंबू, ते कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, होतं का?

काय ऐकलं ते विचारू नकोस. कन्फेशन असेल तर सांगता येत नाही, आणि नसेल तर सांगण्याइतकं मला कळलेलंच नाही. मी डोक्यावर हात ठेवून 'यो ते आब्सुएल्वो', 'मी तुला पापमुक्त करतो', म्हणून मोकळा झालो. तिने हॅट घातली, पोरांना देत होती तेवढंच एक पावाचं बाळ माझ्या हातात दिलं आणि पुढच्या पोराकडे वळली.

सेमिनरीत आपण एकमेकांवर कन्फेशनचा सराव करायचो ते आठवतं? तू दर वेळी ताडीच्या मडक्याचं पाप घेऊन यायचास. तेव्हा हसू दाबणं हीच काय ती अडचण होती. आता ईस्टरआधीच्या उपवासकाळात मला डोंगरातल्या पॅरिशमध्ये पाठवणार आहेत, तिथे रांग लागेल. इथे स्पॅनिशच्या बाई मला क्रियापदांची संशयार्थी रूपं घोकायला लावतात, प्रवचन मी लिहून नेतो, ते निभेल. पण ऐकायचं लिहून कसं नेणार? शिवाय वरच्या म्हाताऱ्यांना स्पॅनिशच परकी. या देशाच्या २००९च्या घटनेत स्पॅनिशखेरीज ३६ भाषा अधिकृत आहेत. मी एकीतच गटांगळ्या खातोय. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९९०, दुभाषा चालेल म्हणतं, पण तीच म्हातारी दुभाष्यासमोर तोंड उघडेल? आपला वसईचा संत गोन्सालो पोरवयात जपानला गेला आणि तिथली भाषा उचलून फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषा झाला. त्याला १५९७ साली नागासाकीला क्रुसावर चढवलं, पण तो ब्रदर होता, पाद्री नव्हे, कन्फेशनला बसायची पाळी त्याच्यावर आली नाही.

तू जाताना म्हणाला होतास, 'चारशे वर्षं ख्रिस्ती असलेल्यांना तू काय शिकवणार?' २०१५ला पोप फ्रान्सिसनी इथल्या सांताक्रूझमध्ये चर्चने केलेल्या अन्यायांबद्दल मूळ रहिवाशांची माफी मागितली, तेव्हा मुद्दाम मला बातमी पाठवलीस. मी उत्तर दिलं नाही. अजूनही देत नाही, कारण तू सेमिनरी सोडलीस तो राग पुरता गेलेला नाही. शिकवायला मी आलोच नाही. इथे पाद्री कमी आहेत म्हणून आलो. पण कमी आहेत म्हणून अर्धवट कळणारा चालतो का, हे तू असतास तर रात्रभर भांडून सांगितलं असतंस.

बाकी चिचा नावाची मक्याची दारू मस्त असते. पिण्याआधी दोन थेंब पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी, जमिनीवर सांडतात. मीही सांडतो, आमच्या वरिष्ठांना, प्रोव्हिन्शियलना, कळवू नकोस.

मावशींचा गुडघा कसा आहे? छोटीचं पहिलं कम्युनियन कधी? फ्लॅटचा ताबा मिळाला की अजून बिल्डरच्या पायऱ्या झिजवतोस? वहिनींना नमस्कार.

आणि कॅनन लॉची तुझी वही माळ्यावर असेल. ९९०च्या समासात तू पेन्सिलीने बरंच खरडलं होतंस, सरांनी वर्गात वाचायला लावलं होतं. त्या पानाचा फोटो काढून पाठव. वही रद्दीत गेली असेल तर आठवेल तसं लिही, पण उपवासकाळाच्या आधी लिही.

तुझा,
बुटक्या