धारचूलापर्यंतच

दिल्ली, श्रावण

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी सगळं वाचा, मग रागवा. तिकिटं काढली आहेत. गोवा एक्सप्रेस, बेळगाव ते निजामुद्दीन, दोन्ही खालचे बर्थ. पण जायचं ते उत्तराखंडातल्या धारचूलापर्यंतच. वर आदि कैलासला नाही. मी ठरवलंय.

आणखी एक कबूल करायचंय. मे महिन्यात ऑफिसच्या कामाला जाते म्हटलं होतं, ते खोटं होतं. मी रस्ता बघायला गेले होते. तुम्ही दर फोनला म्हणायचा, "समोरचे जाऊन आले, जीप थेट वर जाते की." मला उत्तर सुचायचं नाही. शेवटी म्हटलं, आपणच जाऊन बघू.

जीप जाते बाबा, खरं आहे. पण धारचूला ९०० मीटरच्या आसपास, आपल्या बेळगावपेक्षा थोडंच उंच. तिथून गुंजी ३,२०० मीटर, आणि आदि कैलासचं दर्शन होतं ते ज्योलिंगकाँग ४,६०० च्याही वर. तिथल्या हवेत श्वासागणिक प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून जरासाच जास्त मिळतो. गुंजीला रात्रभर माझं डोकं ठणकत होतं, उलटी झाली, नुसती कूस बदलली तरी धाप लागायची. मला ना बीपी, ना साखर. त्या अंथरुणात सारखी फेब्रुवारीतली रात्र डोळ्यांपुढं येत होती. स्ट्रेचरवर तुम्ही, आणि तशातही "हिला कुणीतरी चहा द्या" म्हणत होता.

तुमच्या डॉक्टरांशी मी बोलले, तुम्हाला न विचारता. स्टेंटनंतर एवढ्या उंचीवर नको, असंच ते म्हणाले. वर जायच्या परमिटला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते ओळखीतून कुणाकडून लिहून आणू नका, हात जोडते.

मी काय काढून घेतेय ते मला कळतं. २०२० ला मानसरोवरची यात्रा बंद पडली, आणि २०२५ ला पुन्हा सुरू झाली तेव्हा तुम्ही ७० ची अट ओलांडली होती. अण्णाकाका तर तेवढेही थांबले नाहीत. तो फॉर्म अजून ट्रंकेत आहे, आईनं सांगितलं. तिला बोलू नका त्यावरून.

पण धारचूला बघा एकदा. काली नदी गावाला लागून वाहते, आणि पलीकडच्या काठावर नेपाळ. तिथल्या गावाचं नावही दार्चुला. मधे झुलता पूल. सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र बघतात, पिशवी तपासतात, की पाच मिनिटांत आपण दुसऱ्या देशात. १८१६ च्या सुगौलीच्या तहात ही नदी सीमा ठरली, पण लेकी-सुना अजून या पुलावरून जातात-येतात. माझ्यापुढं एक आजी होत्या, हातात दुधाची किटली, बोटाला नातू. जवानानं किटलीचं झाकण उघडायला सांगितलं, आजींनी उघडून दाखवलं आणि त्यालाच "जेवलास का" विचारलं. पलीकडं पाय ठेवला तर फोनमधलं घड्याळ १५ मिनिटं पुढं गेलं. मला आपल्या सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली शिनोळी आठवली, आत्या आठवली. तुम्ही माझ्या शेजारी असायला हवं होतं बाबा. त्या पुलावर तुम्ही जे बघाल ते मला दिसणार नाही.

आई, तुझ्यासाठी तिथं माग आहेत. तिथल्या रं समाजाच्या बायका लोकरीचे गालिचे विणतात, दन म्हणतात त्याला. एका घराच्या ओट्यावर मी तासभर बसले. गाठ मारायची, धागा कापायचा, आणि ओळ भरली की लोखंडी पंजानं ठोकून बसवायची. तो ठोका ऐकला आणि मला वडगावचं घर दिसलं. तू कांडी भरायचीस आणि मी तुझ्या पाठीला पाठ टेकून झोपायची. मला अजून तशी झोप कुठं लागत नाही.

राहायची काळजी करू नका. खोली तळमजल्यावरची बघितलीय, जिना नाही, कमोड आहे, गरम पाणी आहे. मी पलंगावर बसून बघितलं, आईच्या गुडघ्यांना उंची बरोबर आहे. जेवण डाळ-भाताचं. मडुव्याची रोटी मिळते, ती आपली नाचणीचीच भाकरी. टनकपूरपर्यंत रेल्वे, पुढं गाडी, मधे लोहाघाटला एक आणि पिथोरागडला एक मुक्काम. एका दमात घाट नाही. पावसाळ्यात तिथं दरडी कोसळतात म्हणून ऑक्टोबर धरलाय. आणि बाबा, १ नोव्हेंबरच्या, आपल्या बेळगावच्या काळ्या दिनाच्या आधी चार दिवस तुम्ही घरी असाल. काळी फीत लावून फेरीला जायचं चुकणार नाही.

डॉक्टर हो म्हणाले तर एक दिवस नारायण आश्रमाला जाऊ. १९३६ साली नारायण स्वामींनी बांधलेला, २,७०० मीटरवर. नाही म्हणाले तर तेही नाही.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, चतुर्थी असो नाहीतर एकादशी. रोज संध्याकाळी चालायचं, सपाटीवर. गाडीत खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरे, कुंद्याचे डबे आणू नका. बरं, एक आणा. वूलनचे मोजे मी घेतलेत. आईची गुडघ्याची पट्टी विसरायची नाही.

ज्योलिंगकाँगला पार्वती सरोवर आहे. त्यातलं पाणी मी बाटलीत भरून आणलंय. इथं देव्हाऱ्यात ठेवलंय, झाकण अजून उघडलं नाही. अण्णाकाकांचा गडू घेऊन या. त्यात ते तुमच्या हातानं ओतायचं.

तुमची,
छकुली