खिंडीतली फुले तुडवू नका

महोदय,

गेल्या जुलैत लडाखच्या एका खिंडीत गाडी थांबली. बाकीचे फलकापाशी फोटोला धावले. मी दम खात दगडावर टेकले, तर बुटाशेजारीच पिवळी ड्राबा फुललेली! नाण्याएवढा पानांचा गोळा आणि अधिकच्या चिन्हासारख्या चार पाकळ्या. आपल्या फोडणीच्या मोहरीचेच हे कूळ. वर्गात ते शिकवताना मी जन्मभर परसातला मुळाच दाखवत आले.

हिची दुर्मीळ भावंडे आणखी वर राहतात. लडाकिएला क्लिमेसी तर लडाखमधल्याच शुकुले शिखराच्या उतारावर ६१५० मीटरवर सापडल्याची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिथे माती म्हणजे दगडगोट्यांमधली वाळू. रात्री ती गोठते, दिवसा सैल होऊन सरकते, आणि त्यात मुळे रोवून हे रोप उभे असते.

मोटारसायकली रस्ता सोडून खडीवर चढवणाऱ्या आपल्या मराठी मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, तसे करू नका. कासच्या सड्यावर पायवाट सोडू नका, असे आम्ही सातारकर पाहुण्यांना सांगतो. तेच खिंडीतही पाळा. सहल नेणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वीच सांगावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा