नाताळाआधीच्या प्रतीक्षेचीही दखल घ्यावी

महोदय,

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत केक, चांदण्या, सांताक्लॉज आणि गजबजलेल्या बाजारपेठा झळकू लागतात. त्यात गैर काही नाही. सणाच्या निमित्ताने दुकानदारांना चार पैसे मिळत असतील तर चांगलेच आहे. मात्र ख्रिस्ती उपासनेच्या पंचांगात २५ डिसेंबरपूर्वीचे चार रविवार उत्सवाचे नसून प्रतीक्षेचे असतात, ही गोष्ट त्या मजकुरात सहसा आढळत नाही, म्हणून हे पत्र. (चर्चच्या आवारातही पहिल्या आठवड्यापासूनच नाताळच्या पार्ट्या सुरू होतात, त्याला अर्थातच वर्तमानपत्रे जबाबदार नाहीत.)

कॅथलिक चर्चमध्ये या आगमनकाळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, रविवारच्या मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) गौरवगीत म्हटले जात नाही आणि हिरव्या पानांच्या चक्रातील चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकच नवी पेटवली जाते. गोठा सजतो, पण त्यातली बाळ येशूची गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ही ओढ केवळ बेथलेहेमच्या बाळाची नसते. १६ डिसेंबरपर्यंतच्या उपासनेचा भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर, म्हणजे दोन हजार वर्षे ज्याची वाट पाहिली जात आहे आणि जे अद्याप घडलेले नाही, त्यावर असतो.

तिसरा रविवार आनंदाचा. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती पेटते. या रविवाराला नाव मिळाले ते ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या बायबलमधील प्रेषित पौलाच्या वचनावरून, आणि फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती लोकांना हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले होते. १४ डिसेंबर २०२५ रोजी आलेल्या या रविवारी शुभवर्तमानातही, म्हणजे येशूच्या जीवनावरील बायबलच्या वाचनातही, तुरुंगच होता: ख्रिस्ताच्या येण्याची आधी घोषणा करणारा आणि आता कैदेत पडलेला बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो की, जो यायचा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? आनंदाच्या रविवारी संशयाचा हा उतारा नेमणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते. त्याच दिवशी वाचल्या गेलेल्या, बायबलमधील याकोबाच्या पत्रात पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरणारा शेतकरी आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

योगायोग असा की, ‘आशेचे यात्रेकरू’ हे ब्रीद असलेल्या ज्युबिली वर्षात (कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षात) रोममध्ये कैद्यांची ज्युबिलीही याच रविवारी साजरी झाली आणि पोप लिओ चौदावे यांनी तिची मिस्सा अर्पण केली. आपल्याकडेही एल्गार परिषद खटल्यात अटक झालेले, पार्किन्सनने जर्जर झालेले आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी यांनी तळोजाच्या तुरुंगातून, पिंजऱ्यातला पक्षी अजूनही गाऊ शकतो, असे लिहिले होते. त्यांच्यावरील खटल्याच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. जामीन मिळण्याआधीच जुलै २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ते गाणे सुटकेच्या खात्रीतून आलेले नव्हते. ख्रिस्ती माणूस ज्याला आनंद म्हणतो, त्याची जात ही आहे. दुःखावर पांघरूण घालणारा हा आनंद नव्हे. जे हाती आलेले नाही, त्याच्या भरवशावर तो उभा असतो.

आपल्या वर्तमानपत्राने पुढील वर्षी आगमनकाळाच्या चार रविवारांवर, चार छोट्या टिपणांच्या रूपाने का होईना, लिहावे अशी विनंती आहे. जमल्यास नाताळनंतरही थोडी जागा ठेवावी. चर्चमधला नाताळकाळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि २०२५ चा नाताळकाळ ११ जानेवारी २०२६ पर्यंतचा. पुरवण्या मात्र २६ तारखेलाच थर्टीफर्स्टकडे वळतात.

– एक वाचक, वसई