बाबा, सोमवारी दातांचं माप द्यायला यायचंच आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा "मले काही झालं नाही" म्हणतात अन् ठेवून देतात, म्हणून लिहून राहिले. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. झोपेत तुमचा श्वास अडकू नये म्हणून रात्री दातांवर घालायचं एक उपकरण बनवायचं आहे, त्यासाठी नागपूरच्या दातांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली आहे आणि अर्धे पैसेही भरले. बाबा, रागवा, पण आधी पूर्ण ऐका.

झोपेच्या तपासणीत तुमचा श्वास तासाला 22 वेळा अडकतो नाहीतर फार कमी पडतो असं निघालं, आणि प्रत्येक वेळी कमीत कमी 10 सेकंद. 15 ते 30 म्हणजे मध्यम, 30 च्या वर गंभीर. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. बीपी गोळीनं आटोक्यात येत नाही त्यात याचाही हात असू शकतो, आणि दुपारी पारावर बसल्याबसल्या तुमची मान पडते ती वयानं नाही, रात्रीची झोप होतच नाही म्हणून.

झोपेत गळ्याचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागं सरकते, आणि मोटर बंद झाल्यावर आपला वावरातला पाइप जसा चपटा होतो तशी श्वासाची वाट बसते. हे उपकरण वरच्या अन् खालच्या दातांवर बसतं आणि खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवतं. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो, म्हणून जबड्यासोबत जीभही पुढं येते. टाळूच्या मागची जागासुद्धा, विशेष करून दोन्ही बाजूंनी, रुंद होते. करून पाहा, खालचा जबडा पुढं काढून मुद्दाम घोरायचा प्रयत्न करा, आवाज बहुतेक नीट निघणार नाही.

मास्कमधून दाबानं हवा सोडणारी मशीन का नाही घेतली, तर श्वासाचे अडथळे थांबवण्यात मशीनच जास्त पक्की आहे, हे डॉक्टरनं मला स्पष्ट सांगितलं. पण तपासणीच्या रात्री तुम्ही मास्क ओढून फेकला, आणि आपल्याकडे लाइन कधी जाते अन् कधी येते याचा काय भरवसा, ते मीच सांगायचं का? जे रोज रात्रभर वापरलं जाईल तेच कामाचं. पैशाचा विचार करू नका, जावयांशी बोलूनच ठरवलं आहे, त्यांनीच आधी होकार दिला.

तोंडात काही कोंबल्यासारखं वाटणार नाही, तुमच्याच दातांच्या मापाचं असतं. सुरुवातीला लाळ सुटेल, सकाळी जबडा थोडा दुखेल, दात जुळत नाहीत असं वाटेल, ते बहुतेक थोड्या वेळात जातं. जबडा एकदम पुढं नाही ओढत, थोडा थोडा सरकवतात. वर्षानुवर्षं वापरलं तर दातांची ठेवण जराशी बदलू शकते, म्हणून अधूनमधून दाखवत राहायचं.

बाबा, जागलीला तुमच्यासोबत माळ्यावर झोपायचे तेव्हा खाली रानडुकरं खसखस करायची, अन् तुमचं घोरणं चालू असलं की मला बिलकुल भ्या नाही वाटायचं. आता दिवाळीत आले तर तेच घोरणं मधेच थांबायचं आणि मी अंथरुणात उठून बसायचे, तिकडे आई तुम्हाला हलवत असायची. आई, तुझीही झोप गेली आहे, तू सांगत नाहीस एवढंच. मोठ्या काकांचं आठवतं, त्यावर मी काही लिहीत नाही.

आता ऐका. खर्रा बंद. दात हलले तर उपकरण पकडणार कशावर? उपकरण थंड पाण्यानं अन् मऊ ब्रशनं धुवायचं, गरम पाण्यात टाकलं तर वाकडं होईल, आणि डबीतच ठेवायचं, उशाशी राहिलं तर आपलं कुत्रं चावून टाकेल. कुशीवर झोपा. बीपीची गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका. झोप नीट होईपर्यंत बाजाराला गाडी चालवत जाऊ नका, दादासोबत मागं बसा. जबडा नीट जमला की उपकरण घालून परत एकदा झोपेची तपासणी करायची, तेव्हाच कळेल श्वास किती मोकळा झाला. कमी पडलं तर मशीनचं पुन्हा बोलू, तेव्हाही तुम्हाला विचारूनच.

कापसाचा वेचा सोमवारी दादा पाहील, त्याला सांगून ठेवलं आहे. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा, मी बसस्टँडवर येते. आई, बाबांची तपासणीची फाईल अन् गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत आधीच टाकून ठेव, तुरीची डाळ आणू नको, आहे घरात.

तुमची
मोठी